मार्थाची पाळणी

भर उन्हात तीन वाजता पोरांना टेकडीवर न्या, असं भागाबाईला कोणी सांगितलं नव्हतं. फादरांनी तर उलट बजावलं होतं, की क्रुसाची वाट ऊन उतरल्यावर करा, साडेपाच-सहाला, पोरं लहान आहेत. पण ऐकेल ती भागाबाई कसली! येशूनं प्राण सोडला तो दुपारी तीनला, आणि आपण सावल्या लांबल्यावर गार वाऱ्यात प्रार्थना म्हणत हिंडायचं, ही काय सहल आहे का, असं तिचं म्हणणं. बरं, तिला अडवणार कोण? सागपाड्यात ख्रिस्ती घरं अकरा, मिशन तिथून नऊ मैलांवर, फादरांची जीप महिन्यातून दोनदा येणार. नवरा होता तोवर धर्मशिक्षक तो होता. तो गेल्यावर पोरांना शिकवायचं काम तिच्याकडे आलं आणि गेली बारा वर्षं ती ते जीव ओतून करत होती.

ब्याण्णव सालच्या उपवासकाळातला हा शेवटून दुसरा शुक्रवार. साक्रीकडच्या डोंगरात एप्रिलचं ऊन कसं असतं ते तिकडच्या माणसालाच विचारावं. दगडावर पाय ठेववत नाही. टेकडीच्या पायवाटेला चौदा लाकडी क्रूस रोवलेले. एकेका क्रुसापाशी थांबायचं, येशूच्या दुःखाचा एकेक प्रसंग सांगायचा, गुडघे टेकायचे, पुढे निघायचं. सतरा पोरं, त्यातलं सगळ्यात मोठं अकराचं. शेवटी हिलाल, पाण्याची कळशी खांद्यावर घेऊन. हा हिलाल म्हणजे प्रार्थनाघराची घंटा वाजवणारा आणि भागाबाईचा शेजारी. तो दोनदा म्हणाला होता, "बाई, ऊन लई शे." भागाबाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

आठव्या क्रुसापाशी ती सांगत होती, "येशू त्या बायांना म्हणाला, माझ्यासाठी रडू नका, स्वतःसाठी आणि आपल्या लेकराबाळांसाठी रडा." एवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला.

पुन्याची मार्था पडली होती. आठ वर्षांची पोर, अंगात मिशनमधून मिळालेला निळा फ्रॉक, आणि गुडघे टेकता टेकता ती तशीच पुढे तोंडावर गेली होती. भागाबाईनं धावत जाऊन तिला उलटी केली. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. ओठांना भेगा. हिलालनं कळशीतलं पाणी तिच्या तोंडावर मारलं तशी ती डोळे उघडून बघायला लागली. भागाबाईला हायसं वाटलं. तिनं पेला भरला आणि तिच्या ओठांना लावला.

मार्थानं दात घट्ट आवळले.

"पाणी पी, बाळ."

पोरीनं मान फिरवली. हिलालनं तिची हनुवटी धरून तोंड उघडायला बघितलं तर त्याच्या बोटाला कडकडून चावली. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यावरून फ्रॉकवर. एक घोट आत गेला नाही.

"अरे, झालं काय हिला?" भागाबाई ओरडली. "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं का हिनं? कोणाला माहीत आहे?"

बाकीची सोळा पोरं गोल करून उभी होती. एरवी एक विचारलं तर दहा जण हात वर करायची, ती आता एकजात मुकी झाली होती. कोणी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होतं, कोणी आठव्या क्रुसाकडे बघत होतं.  पोरांना काहीतरी माहीत होतं आणि ती तिच्यापासून लपवत होती.

हिलालनं मार्थाला खांद्यावर टाकलं आणि सगळे खाली पाड्यात उतरले.

मार्था तिच्या आजीकडे, रुक्माबाईकडे राहायची. बाप पुना आणि माय मंदा दोघं दिवाळीनंतर ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेले. पाड्यातली निम्मी माणसं तशीच जातात आणि ऊन कडक झालं की परततात. त्यात मंदा पोटुशी. गेल्या साली तिचं तान्हं पोर आठव्या दिवशी गेलं होतं, म्हणून या खेपेला जाऊ नको असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण मुकादमाला जोडीच लागते, एकटा पुना त्याला नको होता. निघताना मार्थाला मंदा म्हणाली होती, "ईस्टरले येस मी, बाळ लई येस." माय बाळ घेऊन येणार म्हणून तेव्हापासून पोरगी बोटं मोजत होती.

रुक्माबाईच्या पडवीत बाज टाकून तिला निजवलं. भागाबाईनं लुगड्याचा पदर भिजवून तिच्या अंगावर ठेवला, तो बघता बघता सुकला. पुन्हा भिजवला. रुक्माबाई उशाशी बसून हात चोळत होती.

"तीन दिवस झाया, पोर गप गप शे," ती म्हणाली. "मी म्हनं मायनी याद येत व्हई."

"पाणी प्यायची का?"

"आते मी काय बठ्ठा दिवस तिन्हा मांगे हिंडस का व बाई? मी मोहाची फुलं येचाले जास."

हिलाल म्हणाला, "मी गाडी जुपस. मिशनना दवाखानामा सिस्टर शे, ती सलाईननी बाटली लाई." आणि तो बैल सोडायला पळाला. साडेचारची एसटी फाट्यावरून निघून गेलेली असणार. बैलगाडीनं नऊ मैल म्हणजे तीन तास. तीन तास ही पोर बिनपाण्याची काढते का? भागाबाईनं तिच्या मनगटाला हात लावला. नाडी लागत होती, पण कशी, तर घाबरून पळणाऱ्या माणसाच्या पायासारखी. आता भागाबाईही घाबरली.

"मार्था, माझ्याकडे बघ. का पीत नाहीस?"

मार्थाचे डोळे अर्धे मिटलेले. ओठ हलले. भागाबाईनं कान जवळ नेला.

"दिवा नही लागना आजून," पोरगी म्हणाली.

"दिवा?"

"दिवा लागापावत पानी नही. पाळणी शे मन्ही."

भागाबाईच्या हातातला पेला तिथेच थांबला.

आता ही पाळणी काय, ते सांगायला हवं, आणि तिच्या तोंडी हा शब्द कुठून आला तेही. सातपुड्यात होळीच्या आधी ज्यानं नवस केलेला असतो तो माणूस पाळणी धरतो. अंगाला राख फासायची, खाटेवर निजायचं नाही, अंघोळ नाही, बाईच्या हातचं अन्न नाही की पाणी नाही. होळी पेटेपर्यंत सगळं कडक. भागाबाईचं माहेर तिकडचं, अक्राणीचं. तिचा बाप पाळणी धरणारा.

आणि या पोरांना उपवासकाळ समजावून सांगायला बसली तेव्हा भागाबाईनं काय करावं? राखेच्या बुधवारी फादर येऊन पोरांच्या कपाळाला राख लावून गेले. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी हातात धरलेल्या शिंदीच्या फांद्या जाळून केलेली ती राख. दुसऱ्या दिवशी वर्गात भागाबाई सांगायला लागली: चाळीस दिवस, प्रार्थना, उपवास, दान, आवडीची एक वस्तू सोडायची, कोणाला सांगायची नाही, देव गुप्तपणे बघतो. पोरं तोंडाकडे बघत बसली. चाळीस दिवस म्हणजे काय, त्याग म्हणजे काय, डोक्यात उजेड पडेना. एक पोरगा तर खिशातली बोरं खात होता. भागाबाईला राग आला, आणि रागाच्या भरात ती म्हणाली, "अरे, तुमच्या मामाच्या गावाला पाळणी धरतात ना? तसंच समजा. ही आपली पाळणी."

झालं! सतरा तोंडं एकदम उजळली. सगळ्यांना समजलं. लगेच एक जण म्हणाला, "आनि मोडी गई त?"

भागाबाईनं विचार केलाच नाही. विचार करायला वेळ कुठे लागला? ते उत्तर तिच्या पोटात पस्तीस वर्षं तयार पडलेलं होतं. ती म्हणाली, "मोडली तर ज्याच्यासाठी धरली त्याच्यावर येतं."

वर्गात अशी शांतता पसरली की बाहेरची कोंबडी पाचोळा उकरते तेही ऐकू यावं. बोरं खाणाऱ्या पोरानं बोर तोंडातून काढून खिशात ठेवलं. त्याच क्षणी भागाबाईला कळलं होतं, की आपण भलतंच बोललो. हे फादरांच्या पुस्तकात नाही, हे येशूनं कधी कोणाला सांगितलेलं नाही. सुधारायला हवं होतं. पण पोरं कधी नव्हे ती इतकी शहाण्यासारखी बसली होती! उद्या सांगू म्हणाली, आणि उद्या सांगितलं नाही. मग महिनाभर पोरांनी शेव खाल्ली नाही, गारेगारवाल्याच्या सायकलमागे धावली नाहीत, रोज मूठमूठ नागली आणून गरिबांच्या डब्यात टाकली. फादर आले ते बघून म्हणाले, "भागाबाई, तुमची पोरं म्हणजे नमुना आहेत." भागाबाई लाजली आणि गप्प राहिली. गप्प राहण्याचं पाप तिनं महिनाभर केलं, हे तिला आता त्या बाजेपाशी बसून कळत होतं.

"कोणासाठी धरलीस, मार्था?" तिनं विचारलं, उत्तर माहीत असून.

"मायसाठे. बाळसाठे."

"अगं, पण पाणी सोडायला कोणी सांगितलं? मी म्हटलं होतं गोडधोड सोडा, खेळणं सोडा. पाणी सोडा म्हटलं होतं का मी?"

मार्थानं डोळे उघडले. तापात सुद्धा त्या डोळ्यांत असं काही होतं की आपण खोटं बोलतो आहोत असं भागाबाईला वाटलं.

"तू बी त नही पेस," पोरगी म्हणाली. पाड्यातली पोरं देवालाही तू म्हणतात, बाईला कुठून तुम्ही म्हणतील. "शुक्कुरवारले तू नही पेस. मी देखं शे."

रुक्माबाई वळून भागाबाईकडे बघायला लागली.

हे कोणालाच माहीत नव्हतं. फादरांना नाही, नवरा होता तेव्हा त्याला नाही, हिलालला नाही. उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी सूर्य उगवल्यापासून दिवा लागेपर्यंत भागाबाई पाण्याचा थेंब घेत नव्हती. आज शुक्रवार होता, तिचीही जीभ टाळूला चिकटलेली होती. तिला वाटायचं आपलं गुपित देवाशिवाय कोणी बघत नाही. आणि ही एवढीशी पोरगी माठाकडे येता-जाता बघत होती, की बाई सगळ्यांना पाणी देते आणि आपण पीत नाही. पोरं बाईचं सांगणं विसरतील एखादवेळ, बाईचं वागणं काही विसरत नाहीत.

रुक्माबाई लगबगीनं उठली. "थांब," ती भागाबाईच्या कानाशी कुजबुजली, "दिवा लावस मी. बारन लोटी लेस. तिले काय समजस!" तिनं चिमणी पेटवली, दार ओढून घेतलं, बाजेजवळ आणून धरली. "देख व मार्था, दिवा लागना. पे आते."

मार्थानं दिव्याकडे बघितलं, मग दाराकडे. फटीतून पांढरं ऊन आत आलं होतं आणि जमिनीवर लांब पट्टा पडला होता.

"ऊन शे बाहेर," ती म्हणाली आणि दात आवळले. मग बारीक आवाजात म्हणाली, "मोडी गई त माय मरी जाई."

एवढं बोलून तिचे डोळे वर गेले. रुक्माबाईनं किंकाळी फोडली. भागाबाईनं पोरीला गदागदा हलवलं, तोंडावर पाणी मारलं, नाव घेऊन हाका मारल्या. डोळे परत आले, पण आता ते लांब कुठेतरी बघत होते. बाहेर हिलालच्या बैलांचे घुंगरू वाजले. गाडी दाराशी आली होती. तीन तास!

भागाबाईला रडू आलं नाही. रडायला अंगात पाणी तरी हवं. तिला एकदम आपलं आठव्या वर्षाचं अंगण दिसलं. बापानं धाकट्या पोरासाठी पाळणी धरलेली, अंगभर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरू, दुपारची वेळ, आणि तो घसा खाकरत म्हणाला होता, "पोरी, घसा सुकला गं." तिला काय कळतंय? ती धावत गेली आणि वाटीभर पाणी घेऊन आली. बाप हसला. इकडेतिकडे बघितलं आणि प्यायला. पंधरा दिवसांनी तिचा धाकटा भाऊ वेस्ता तापानं फणफणला आणि गेला. फुई, बापाची बहीण, रडता रडता एवढंच म्हणाली होती, की कोणीतरी पाळणी मोडली. बापानं भागाकडे बघितलं आणि मान खाली घातली. तो कधी तिला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढे लग्न झालं, बाप्तिस्मा झाला, भागाबाई येशूची झाली. येशूवर तिचा जीव होता, त्यात खोट नव्हती. पण वेस्तासाठी उपवासकाळातल्या शुक्रवारी पाणी सोडायची ते प्रेमानं नव्हे, भीतीनं. दिवस कितीदा मोजले असतील तिनं! पाणी दिलं त्या दिवसापासून वेस्ता गेला त्या दिवसापर्यंत पंधरा. आणि आज तीच भीती तिनं या पोरीच्या पदरात घातली होती, वर तिला देवाचं नाव देऊन.

पोरीला काय सांगायचं? काही होत नाही, पी, असं म्हणणं सोपं होतं. पण स्वतःला खरं वाटत नाही ते पोराला खरं कसं वाटेल? तापातलं पोर तर लगेच ओळखतं.

भागाबाईनं पेला उचलला. मार्थाच्या तोंडाशी नाही, स्वतःच्या तोंडाशी नेला.

"मार्था. इकडे बघ. आज काय वार आहे?"

"शुक्कुरवार."

"दिवा लागला का?"

"नही."

"मग बघ."

पेला दातांवर आपटला.  रुक्माबाई तोंडावर हात ठेवून बघत राहिली. भागाबाईनं एक घोट गिळला, मग दुसरा, मग तिसरा, मार्थाला ऐकू जाईल असा आवाज करत, आणि पेला रिकामा केला. पुस्तकातली मराठी तिच्या तोंडून गळून पडली होती. ती बोलली ती माहेर-सासरच्या अंगणातली भाषा.

"मन्हा भाऊ व्हता, वेस्ता. मी बापले पानी दिन्हं, पाळणी मोडनी. मंग वेस्ता मरी गया. मी पस्तीस साल म्हनी राहिनू, मीच मारं त्याले." तिनं मार्थाचा हात धरला. "मी नही मारं, मार्था. तो तापमा गया. मन्हा पानीमुये नही."

हे वाक्य ती जन्मात पहिल्यांदा बोलली होती. बोलल्यावर आपल्यालाच ते ऐकू आलं, तेव्हा तिला वाटलं की हे खरं असावं. नक्की नाही, पण असावं.

"देव मायले धरी ठेवस नही," ती म्हणाली. "तू पानी पिनी म्हनून देव तुन्ही मायले मारी? असा देव नही तो. मी खोटं सांगं व्हतं तुमले. मन्ही चूक शे. तुन्ही नही."

मार्था तिच्या ओल्या हनुवटीकडे बघत होती.  बाहेर बैल पाय आपटत होते आणि हिलाल दारातून डोकावत उभा होता.

"तुले काही व्हयनं नही?" पोरीनं विचारलं.

"देख ना. काही नही व्हयनं."

भागाबाईनं पेला परत भरला आणि तिच्या ओठांपाशी नुसता धरला. दात उघडले. पहिला घोट बाहेर आला, दुसरा आत गेला. मग पोरीनं दोन्ही हातांनी पेला धरला आणि इतक्या अधाशीपणे ओढायला लागली की भागाबाईला तो मागे घ्यावा लागला. हिलालनं खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

गाडीतून नेताना वाटभर ती घोटघोट पीत राहिली. दवाखान्यातल्या सिस्टरनं दोन बाटल्या चढवल्या आणि म्हणाली, आणखी तासभर गेला असता तर काही खरं नव्हतं. रविवारी फादरांनी पोरीला जीपमधून परत आणून सोडलं. भागाबाईनं त्यांना सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता.  फादर म्हणाले, "मी नमुना म्हटलं होतं. मीही विचारलं नाही, की ही पोरं इतकी गप्प का." मग म्हणाले, "पोरांना तुम्हीच सांगायला हवं."

तिनं सांगितलं. सतरा पोरांसमोर उभी राहून म्हणाली, की मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, देव कोणाच्या मायबापाला ओलीस धरत नाही, उपवास प्रेमानं करतात. पोरांनी ऐकून घेतलं. आणि शुभ शुक्रवारी, भर बारा वाजता, तिनं माठातलं पाणी काढलं आणि पोरांच्या देखत प्यायली.  मार्था पहिल्या रांगेत बसून बघत होती.

पण मार्था खेळत नव्हती. ती रुक्माबाईच्या पडवीत खांबाला धरून फाट्याच्या वाटेकडे बघत बसायची. भागाबाईचंही निम्मं लक्ष त्याच वाटेकडे. तिला एकच धास्ती होती आणि ती तिनं कोणाला सांगितली नाही. मंदा बाळ घेऊन धडधाकट परत आली तर पोर सुटली. नाही आली तर आपलं एक वाक्य या पोरीला पुरणार नाही, तीही माझ्यासारखी जन्मभर दिवस मोजत बसेल. प्रार्थना करताना भागाबाईच्या तोंडून दुसरं काही निघतच नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, अकराच्या सुमाराला ट्रक आला. पाड्याच्या तोंडाशीच थांबला, तसा सगळा पाडा धावला. चुलीची भांडी, गोधड्या, कोंबड्यांची डालगी, पोरं, सगळं खाली उतरलं. पुना उतरला, डोक्यावर गाठोडं. मग त्यानं हात दिला आणि मंदा उतरली.

पोट सपाट होतं. हातात काही नव्हतं.

रुक्माबाईला एका नजरेत समजलं. तिनं कपाळावर हात मारून हंबरडा फोडला. मंदा तिथेच रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या सावलीत मटकन खाली बसली. मार्था चार पावलांवर उभी होती. ती मायकडे बघत नव्हती. ती वळून भागाबाईकडे बघत होती.

 कधी? कधी गेलं बाळ? हा प्रश्न भागाबाईच्या जिभेवर आला. त्या शुक्रवारच्या आधी गेलं असेल तर पोरीला सांगता येईल, की बघ, तू तर तेव्हा पाणी पीतच नव्हतीस. ती मंदाकडे निघालीसुद्धा. आणि मध्येच थांबली. नंतर गेलं असेल तर? तर काय, पोरीचा गुन्हा? दिवस मोजायला बसलं की मोजणाराच फासात अडकतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? पस्तीस वर्षं तिनं पंधरा दिवस मोजले होते. तिनं प्रश्न गिळला. तो गिळायला त्या शुक्रवारच्या पाण्यापेक्षा जड गेला.

ती मार्थाजवळ गेली, उकिडवी बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुन्हा पानीमुये नही."



मंदानं मान वर केली. तिचे ओठ ट्रकच्या धुळीनं पांढरे पडले होते. "पानी दे व, पोरी," ती मार्थाला म्हणाली. "घसा सुकी गया."

मार्थानं दोन्ही हातांनी फ्रॉक घट्ट धरलेला. ती हलेना. पाणी द्यायला ती भ्यायली होती. भागाबाईला तिच्या हातांकडे बघून स्वतःचे हात आठवले, वाटी धरलेले. तिचे पाय आपोआप घराकडे वळायला लागले, की आपणच आणून द्यावं. तिनं स्वतःला आवरलं. हे पाणी पोरीनंच द्यायचं होतं.

 मग मार्थानं फ्रॉक सोडला. ती धावत पडवीत गेली, माठातून तांब्या भरला आणि दोन्ही हातांनी धरून, सांडत, परत आली. मंदानं तो तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायली. अर्धा झाल्यावर श्वास घेऊन तिनं तांब्या पोरीकडे परत दिला.

ऊन डोक्यावर होतं. दिवा लागायला अजून आठ तास. मार्थानं तांब्यात बघितलं, एकदा मायकडे बघितलं, आणि उरलेलं पाणी उभ्या उभ्या पिऊन टाकलं. मग मंदानं तिला मांडीवर ओढलं आणि दोघी मोठमोठ्यानं रडायला लागल्या. भागाबाई डोळे पुसत हिलालला म्हणाली, की कळशी भरून आण, ट्रकमधली बाकीची माणसंही तहानलेली आहेत.